शाहजादी जहांआरा

दिल्लीस हजरत निजामुद्दीन अवलिया यांचा प्रसिद्ध दर्गा आहे. हे संत १३२५ सालीं निवर्तले. त्यांच्या सान्निध्यांत चिरविश्रांति लाभावी, अशी इच्छा पुढें अनेक थोरांनीं धरिली. म्हणून कवि अमीर खुसरो, बादशहा महंमदशहा इत्यादिकांच्या कबरी त्याच आवारांत आहेत. त्यांतील एका कबरीभोंवतीं संगमरवरांत नाजूक जाळ्या कोरलेल्या आहेत. परंतु आंत पाहावें तों वर छत नाहीं, आणि कबरीचा माथा दगडानें न झांकितां मातीनें भरलेला असून त्यावर गवत उगवतें. ही कबर शहाजहान बादशहाची कन्या जहांआरा हिची होय. जिच्या पित्यानें ताजमहाल उभारिला, तिनें स्वतःसाठीं गवताचें पांघरूण पत्करावें, याचें मर्म तिच्या चरित्रांत आहे.

जहांआरेचा जन्म १६१४ सालीं अजमेर येथें झाला. १६३१ सालीं बऱ्हाणपूर मुक्कामीं तिची आई मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणांत वारली. त्या समयीं जहांआरा अवघी सतरा वर्षांची होती. आईच्या संपत्तीचा अर्धा वांटा तिला मिळाला आणि अंतःपुरांतील श्रेष्ठ पदही तिच्याकडे आलें. १६४४ सालीं दिव्याची ज्योत लागून तिच्या वस्त्रांनीं पेट घेतला. तिला वांचविण्यासाठीं धांवलेल्या दासींपैकीं दोघी प्राणांस मुकल्या. तिला स्वतःलाही कित्येक महिने अंथरूण सुटलें नाहीं. ती बरी झाली, तेव्हां बादशहानें आनंदानें सुरत बंदराचें उत्पन्न तिला दिलें. १६६४ सालीं शिवाजीमहाराजांनीं लुटली ती हीच सुरत.

एवढें धन हातीं असतां तिनें तें केवळ अलंकारांत वेंचिलें नाहीं. आग्र्याची जामा मशीद तिच्या द्रव्यानें १६४८ सालीं पुरी झाली. दिल्लीचा चांदणी चौक तिनेंच वसविला. संत मोइनुद्दीन चिश्ती यांचें चरित्र तिनें फारसींत लिहिलें.

तिची खरी कसोटी पुढेंच होती. १६५७ सालीं शहाजहान आजारी पडला आणि त्याच्या पुत्रांत राज्यासाठीं युद्ध जुंपलें. १६५८ सालीं सामूगडच्या लढाईंत दाराचा मोड झाला. तेव्हां जहांआरा स्वतः औरंगजेबाच्या छावणींत गेली आणि चौघां भावांनीं राज्य वांटून घ्यावें, अशी तिनें रदबदली केली. ती व्यर्थ गेली. वृद्ध बादशहा आग्र्याच्या किल्ल्यांत बंदिवान झाला. धाकटी बहीण रोशनआरा विजयी भावाच्या पक्षास होती. जहांआरेनें पित्याचा बंदिवास पत्करिला. जेथें मुजऱ्यास दाटी होई, तेथें आतां पहारे बसले होते. अशा स्थळीं सुमारें साडेसात वर्षें तिनें पित्याची शुश्रूषा केली. १६६६ सालीं त्यानें प्राण सोडिला, तोंवर तिनें त्यास अंतर दिलें नाहीं.

त्यानंतर औरंगजेबानें तिला पादशाह बेगम ही श्रेष्ठ पदवी देऊन तिचा मान राखिला. ज्याच्याविरुद्ध ती उभी राहिली होती, त्यासही तिच्या निष्ठेचें मोल कळलें, असें आम्हांस वाटतें. १६८१ सालीं ती निवर्तली, तेव्हां तो दख्खनेच्या मोहिमेवर निघाला होता. तो उत्तरेस परतलाच नाहीं. १७०७ सालीं अहमदनगर येथें त्याचा अंत झाला, व खुलताबादेस झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्यांत त्यास मूठमाती मिळाली. त्याचीही कबर छताविना, मातीनें भरलेली आहे.

विद्यार्थिमित्रहो, एकानें राज्य जिंकिलें, दुसरीनें पित्यासाठीं सुखाचा त्याग केला. शेवटीं दोघांच्या वांट्यास सारखीच माती आली. मग भेद कोठें उरला? उत्कर्षांत आप्तांभोंवतीं गर्दी करणारे पुष्कळ असतात; दार बंद झाल्यावर आंत राहणारा विरळा. आपल्या घरींही कोणी वृद्ध, कोणी आजारी एकाकी बसलेला असेल. जहांआरेची आठवण ठेवावयाची, तर दिल्लीस जाण्याची गरज नाहीं. त्याच्यापाशीं जाऊन घटकाभर बसावें, एवढें पुरे आहे.