कळले आणि वळले : बेळगावचे बाबा पदमनजी

"कळते पण वळत नाही" असे आपण रोज म्हणतो. शास्त्रभाग पाठ असतो, उपदेश ऐकलेला असतो, शब्बाथ शाळेत मुलांना शिकवलेलाही असतो. पण सोमवारी सकाळी दुकान उघडले, कामावर हजर झालो किंवा सोयरिकीची बोलणी निघाली, म्हणजे पाऊल जुन्याच वाटेला जाते. नीतिसूत्रांच्या पुस्तकाचा सारा रोख ह्याच दुखण्यावर आहे. शलमोनाच्या दृष्टीने शहाणा तो, ज्याचे ज्ञान त्याच्या पायांत उतरले आहे. याकोबानेही आपल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात, वचन ऐकून न आचरणाऱ्याला, आरशात तोंड पाहून आपले रूप विसरणाऱ्या माणसाची उपमा दिली आहे.

ह्या विषयावर विचार करताना आपल्याच बेळगावात जन्मलेल्या एका पुरुषाचे चरित्र फार उपयोगी पडते. ते म्हणजे बाबा पदमनजी. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचे नाव मानाने घेतले जाते. परंतु त्यांच्या जन्मगावच्या आणि निपाणीकडच्या मंडळ्यांत तरुणांना हे नाव कितपत ठाऊक आहे, हा प्रश्नच आहे.

बालपण व शाळा

बाबांचा जन्म १८३१ मध्ये बेळगाव येथे झाला. त्याच वर्षी मोल्सवर्थसाहेबांचा मोठा मराठी-इंग्रजी कोश प्रथम छापून निघाला. पुढे ह्या कोशाशी बाबांचा निकट संबंध यावयाचा होता. घराणे कासार जातीचे, आडनाव मुळे. वडील सरकारी नोकरीत होते. घरी देवपूजा, व्रतवैकल्ये, कथाकीर्तन हे सर्व यथासांग चाले आणि लहानग्या बाबांचे मन त्यात खरोखरच रमत असे. देवाधर्माची ओढ त्यांना बालपणापासून होती, हे लक्षात ठेवले पाहिजे.

लंडन मिशनरी सोसायटीने बेळगावात १८२० साली काम सुरू केले होते. तिच्या शाळेत बाबा शिकले. मुलाला इंग्रजी यावे व त्याचे कल्याण व्हावे, एवढीच त्या काळच्या बापांची इच्छा असे. पण त्या शाळेत पवित्र शास्त्रही शिकवीत. पेरणारा बी टाकून जातो. ते केव्हा उगवेल हे त्याच्या हाती नसते. बेळगावच्या त्या शिक्षकांनी टाकलेले बी पुष्कळ दिवस मातीखालीच राहिले. आपल्या शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी ह्यातून धीर घ्यावा.

दार लावून केलेली सुधारणा

पुढे बाबा शिक्षणासाठी मुंबईस गेले व फ्री चर्चच्या विद्यालयात दाखल झाले. त्या वेळी मुंबईत विचारांची मोठी घुसळण चालली होती. स्त्रियांना शिक्षण द्यावे की नाही, विधवांनी पुन्हा लग्न करावे की नाही, जातिभेद ईश्वराने केला की मनुष्याने, ह्यावर तरुण मंडळी रात्र रात्र वाद घालीत. बाबाही त्यांत होते. १८५२ मध्ये त्यांनी स्त्रियांच्या विद्याभ्यासावर निबंध लिहिला. तेव्हा ते जेमतेम एकवीस वर्षांचे होते.

१८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग व त्यांचे स्नेही ह्यांनी परमहंस सभा स्थापन केली होती. देव एकच आहे व जातिभेद खोटा आहे, असे ह्या सभेचे मत होते. नवा सभासद इतर जातीच्या माणसाच्या हातचे पाणी पिई, पाव खाई, आणि जातीचे बंधन आपण मानीत नाही असे दाखवी. विचार उत्तम होता, सभासद शिकलेले व सज्जन होते. परंतु हे सर्व दार लावून चाले. पुरेसे बळ येईपर्यंत उघड व्हावयाचे नाही, असे त्यांचे धोरण होते. रात्री सभेत पाव खाल्लेला मनुष्य सकाळी घरी सोवळे नेसून पंक्तीला बसे.

त्यांना सहज हसू नये. त्या काळी जातीबाहेर पडणे म्हणजे काय, ह्याचा अनुभव मुंबईने घेतला होता. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ह्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत ह्याच्यावरून कोर्टापर्यंत प्रकरण गेले. पुढे, मिशनऱ्यांच्या घरी राहून जेवलेल्या त्या लहान मुलाला पुन्हा जातीत घ्यावे की नाही, ह्यावर शहरात दोन तट पडले. एका मुलाच्या जेवणावरून एवढे रणकंदन झाले, तर मोठ्या माणसाने उघड कबुली देणे किती कठीण असेल!

बाबा पदमनजी ह्या सभेचे सभासद होते. जात खोटी आहे हे त्यांना पटले होते. हळूहळू ख्रिस्त खरा आहे हेही पटत गेले. पवित्र शास्त्राचे वाचन, शिक्षकांशी संभाषण व स्वतःच्या पापाची जाणीव ह्यांनी त्यांचे मन त्या वाटेवर आणले होते. तरी मन पटणे आणि पाऊल उचलणे ह्यांच्यामध्ये काही वर्षे गेली. प्रभूकडे रात्री आलेला निकदेम आपल्याला योहानाच्या तिसऱ्या अध्यायात भेटतो. बाबांची ही वर्षे निकदेमाची वर्षे होती.

गुप्त सत्याचा शेवट कसा होतो, हे परमहंस सभेच्या बाबतीत लौकरच दिसले. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली. गावभर बोभाटा झाला आणि सभा मोडली. जे झाकलेले आहे ते उघड होणार, असे प्रभूने शिष्यांना बजावले होते. आपण होऊन प्रकाशात आलेला मनुष्य उभा राहू शकतो. ज्याला लोकांनी ओढून प्रकाशात आणले, त्याचे पाय लटपटतात.

बेळगावातला बाप्तिस्मा

परंतु सभा मोडण्याच्या कितीतरी आधी बाबा उजेडात आले होते. ३ सप्टेंबर १८५४ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तो मुंबईसारख्या मोठ्या शहरात नव्हे, तर बेळगावात घेतला. मुंबईत अनोळखी माणसांची गर्दी होती. बेळगावात मात्र त्यांना लहानपणापासून ओळखणारी माणसे होती. नातलग, जातभाई, शेजारी सगळे तेथेच. कबुली द्यावयाची तर जेथे ती सर्वांत महाग पडते, तेथेच त्यांनी ती दिली.

१८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारशाचा हक्क शाबूत ठेवला होता. पण पंक्तीतले पान, सणासुदीचा मान आणि आपलेपणाने मारलेली हाक ह्या गोष्टी कोणताही कायदा परत मिळवून देत नाही. बाबा जातीला मुकले. प्रभूवर आईबापांपेक्षा अधिक प्रीती करण्याविषयी मत्तयाच्या दहाव्या अध्यायात जे आहे, ते आपण शांतपणे वाचून पुढे जातो. त्या तेवीस वर्षांच्या तरुणाला ते वचन जगावे लागले.

विधवांची कैफियत

बाप्तिस्म्यानंतर तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, त्यांचे यमुनापर्यटन हे पुस्तक निघाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून पुष्कळ अभ्यासक तिचा उल्लेख करतात. यमुना व तिचा पती विनायक प्रवासास निघतात आणि ठिकठिकाणी विधवांच्या हकिकती त्यांच्या कानी येतात. पुढे यमुनेवरच वैधव्य येते. इतरांचे दुःख पाहणाऱ्या स्त्रीला ते दुःख स्वतः भोगावे लागते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि तिचा पुन्हा विवाह होतो.

हिंदू विधवांना पुनर्विवाहाची मोकळीक देणारा कायदा १८५६ साली झाला होता. पण केशवपन, एकवेळ जेवण, शुभकार्यातून हाकलणे हे घरातले छळ कायद्याने थांबले नव्हते. अनाथ व विधवा ह्यांचा समाचार घेणे हे शुद्ध धर्माचरणाचे लक्षण आहे, असे याकोबाने सांगितले आहे. बाबांनी त्याचे नुसते विवरण केले नाही. घराघरांतील विधवेला त्यांनी नाव दिले, तोंड दिले आणि वाचकासमोर आणून उभे केले.

चिकाटीचे काम

बाबांनी लहानमोठी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. सत्यदीपिका हे नियतकालिक चालविले. १८६३ मध्ये मोल्सवर्थच्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती तयार करून प्रसिद्ध केली. ती पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या हाती राहिली. कोशाचे काम कसे असते, ह्याचा विचार करा. एक एक शब्द घ्यावा, अर्थ तपासावा, ठेवावा की गाळावा हे ठरवावे, आणि हजारो वेळा तेच करावे. तेथे टाळ्या नाहीत. मनुष्यांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून काम करण्याचा जो उपदेश पौलाने कलस्सै येथील मंडळीला केला, त्याचे हे उदाहरण आहे.

१८६७ पासून काही वर्षे ते पुण्यास फ्री चर्चच्या मंडळीचे पाळक होते. पुढे मुंबईस राहून त्यांनी ख्रिस्ती ग्रंथांच्या लेखनाला व संपादनाला वाहून घेतले. नव्या करारावर त्यांनी मराठीत टीका लिहिली. उतारवयात आपल्या पूर्वायुष्याची व मनःपालटाची हकिकत लिहिली आणि तिला अरुणोदय असे नाव दिले. नीतिसूत्रांच्या चौथ्या अध्यायात नीतिमानाच्या वाटेला पहाटेच्या प्रकाशाची उपमा आहे. तो प्रकाश दिवस चढेपर्यंत वाढत जातो. त्या उपमेला बाबांचे आयुष्य चांगलेच शोभते. त्यांच्यावर एका क्षणात दुपार उगवली नाही. बेळगावच्या शाळेत थोडे उजाडले, मुंबईत अधिक उजाडले, आणि जेवढे दिसले तेवढे ते चालत गेले. १९०६ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

आपल्यासाठी बोध

वाचकहो, आज बाप्तिस्म्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना घर सोडावे लागत नाही. आपण ख्रिस्ती घरातच जन्मलो. म्हणून आपली परीक्षा निराळ्या ठिकाणी होते. तीन गोष्टी विचारासाठी पुढे ठेवतो.

पहिली गोष्ट जातीची. बाबांनी जे टाकण्यासाठी एवढी किंमत दिली, ते आपण मंडळीच्या मागच्या दाराने आत घेतले आहे काय? प्रभुभोजनाच्या मेजाशी आपण एक असतो. पण मुलामुलींची लग्ने जमवताना पूर्वीची जात हळूच विचारली जाते. हे दार लावून चालते, म्हणून त्याविषयी कोणी बोलत नाही. परमहंस सभा रात्री जात मोडून दिवसा पाळीत असे. आपण रविवारी मोडून लग्नाच्या बैठकीत पाळू लागलो, तर त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?

दुसरी गोष्ट आपल्यातील विधवा बहिणींची. मंडळीत त्यांना बसावयास जागा असते. पण नवऱ्या मुलीला आशीर्वाद द्यावयास प्रथम कोणाला बोलावतो? वधूला हळद लावताना कोणाला जरा मागे राहा म्हणतो? यमुनापर्यटन लिहिले जाऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली. ती रूढी आपल्या घरात शिल्लक असेल, तर तिला ख्रिस्ती घरात जागा नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनीच बोलून दाखवले पाहिजे.

तिसरी गोष्ट रोजच्या कामाची. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काट्यावर उभा असलेला भाऊ, घरी विड्या बांधणारी बहीण, बेळगावच्या कचेरीत कागद हलवणारा कारकून, शाळेत वह्या तपासणारी बाई, ह्या सर्वांची साक्ष त्या काट्यावर, त्या कागदावर आणि त्या वहीवर होते. खोट्या वजनाचा परमेश्वराला वीट आहे, हे नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायाच्या आरंभीच आहे. ते वचन पाठ असलेल्या माणसाचे माप लोक अधिक बारकाईने पाहतात, आणि त्यांनी तसे पाहणे योग्यच आहे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक विनंती. मुलांना शास्त्रवचन पाठ करून घ्या. पण पुढच्या रविवारी एवढे जरूर विचारा, की ह्या आठवड्यात ते वचन कोठे वापरले? उत्तर लहानसे असेल. भावाला अर्धी भाकरी दिली, सापडलेला रुपया परत केला, वर्गात कोणी शेजारी बसू न दिलेल्या मुलाजवळ जाऊन बसलो. असे उत्तर आले की समजावे, वळू लागले. बेळगावच्या मिशन शाळेत बाबा नावाचा एक मुलगा बाकावर बसला होता, तेव्हा तो पुढे काय होणार हे त्याच्या शिक्षकांनाही ठाऊक नव्हते.

प्रभूने आपल्याला जेवढा प्रकाश दिला आहे, तेवढ्यात आज एक पाऊल टाकण्याचे धैर्य तो आपणा सर्वांस देवो.