सायबेरियातला येर्शोव्ह

मागच्या सेमिस्टरला आमच्या मिनी प्रोजेक्टचा प्रोग्राम हॉस्टेलच्या रूममध्ये रात्रभर चालत राहिला. सकाळी मेसमध्ये पोहे आले, संपले, तरी त्याचं उत्तर काही आलं नाही. एप्रिलमधला वर्ध्याचा उकाडा, वरून लॅपटॉप तव्यासारखा तापलेला. प्रोग्रामचं काम तसं साधंच होतं. गणितातलं एखादं सूत्र द्यायचं आणि त्याचं डेरिव्हेटिव्ह काढायचं, मग त्याचं पुन्हा, मग पुन्हा. भाषा ओकॅमल. सूत्र म्हणजे एक झाड, फांद्यांना फांद्या. गुणाकाराचा नियम लावला की मूळ तुकडे दोनदा उतरतात, पुढच्या वेळी त्यांचेही तुकडे उतरतात. चार-पाच फेऱ्यांत मेमरी भरून जाते. बहुतेक सगळा त्याच त्या तुकड्यांचा गुणाकार असतो.

आमचे गाईड सर एवढंच म्हणाले की हॅश-कन्सिंग करून बघा. ते काय असतं हे शोधता शोधता मी एका रशियन माणसापर्यंत पोचलो आणि प्रोजेक्टपेक्षा त्या माणसातच जास्त अडकलो. त्याचं नाव आंद्रेई पेत्रोविच येर्शोव्ह. रशियात त्यांच्या नावाची संस्था आहे. आपल्याकडे कंपायलरच्या पेपरला ज्यांनी येर्शोव्ह नंबर पाठ केले, त्यांनाही हे एका माणसाचं आडनाव आहे याचा पत्ता नसतो. मलाही नव्हता.

येर्शोव्ह यांचा जन्म 19 एप्रिल 1931 चा, मॉस्कोतला. लहानपण मात्र युक्रेनमधल्या रुबेझ्नोये गावी गेलं. दुसऱ्या महायुद्धात ते गाव काही काळ जर्मन सैन्याच्या ताब्यात होतं. आंद्रेई तेव्हा अकरा-बारा वर्षांचा पोरगा. पुढे घरच्यांबरोबर तो सायबेरियातल्या केमेरोव्हो या कोळशाच्या गावी आला, तिथंच शाळा संपवली आणि 1949 ला मॉस्को विद्यापीठात फिजिक्सच्या एका खास विभागात दाखल झाला. हा विभाग म्हणजे अणू, रॉकेट असल्या गुप्त कामांची माणसं तयार करणारा. तिथं कोणीतरी कागद तपासले. शत्रूच्या ताब्यातल्या प्रदेशात राहिलेला मुलगा, म्हणजे भरवशाचा नाही! बारा वर्षांच्या पोरानं शत्रूसाठी काय केलं असेल देव जाणे, पण त्याला तो विभाग सोडावा लागला आणि गणिताच्या विभागात जावं लागलं.

आपल्याकडे ब्रँच बदलायची तर सीजीपीएवर होते, त्यात रडारड असते. इथं तर कारणच असं की त्यावर काही बोलता येत नाही. पण गणितात गेल्यामुळे त्यांना अलेक्सेई ल्यापुनोव्ह हे प्राध्यापक भेटले. सोव्हिएत देशात प्रोग्रामिंग हा विषय विद्यापीठात शिकवणारे ते अगदी पहिल्यांपैकी. 1954 ला येर्शोव्ह पास झाले तेव्हा प्रोग्रामर म्हणून डिग्री घेऊन बाहेर पडलेल्या देशातल्या पहिल्याच काही मुलांत ते होते. नोकरी लागली ती बेस्म या संगणकावर.

हा बेस्म एका मोठ्या हॉलभर पसरलेला होता, पण त्याची मुख्य मेमरी जेमतेम एक-दोन हजार शब्दांची. आपल्या मोबाईलमधला गुड मॉर्निंगचा एक फोटोसुद्धा त्यात मावला नसता. अशा मशीनसाठी माणसानं हातानं आकडे लिहून प्रोग्राम करायचा. येर्शोव्ह यांनी त्यासाठी प्रोग्राम लिहिणारा प्रोग्राम बनवला. गणिती सूत्रं द्या, मशीनच्या आज्ञा तोच तयार करील. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1958 ला आलं आणि वर्षाभरात इंग्रजीतही झालं. या विषयावरच्या जगातल्या सगळ्यात आधीच्या पुस्तकांमध्ये ते धरलं जातं. लेखकाचं वय सत्तावीस.

त्याच 1958 साली त्यांचा एक छोटा लेख आला, मोजक्याच पानांचा. विषय, अंकगणिताची सूत्रं मशीनच्या आज्ञांमध्ये कशी बसवायची. आमच्या रात्रभर चाललेल्या प्रोग्रामचं औषध त्या लेखात होतं, म्हणून त्यावर जरा थांबतो.

आपल्या गेटसमोरचं झेरॉक्सचं दुकान आठवा. परीक्षेच्या आधी साठ पोरं येतात आणि एकाच नोट्सचे साठ गठ्ठे करून नेतात. समजा दुकानदारानं वेगळं ठरवलं. नोट्सची एकच प्रत ठेवायची, तिला नंबर द्यायचा आणि ज्याला पाहिजे त्याला फक्त नंबर द्यायचा. कोणी नव्या नोट्स घेऊन आला तर दुकानदार आधी बघणार की हे आपल्याकडे आहे का. असेल तर जुना नंबर, नसेल तर नवा. आता अडचण एकच. फाईली हजार असल्या तर दर वेळी हजार चाळायच्या का? येर्शोव्ह यांनी केलं ते असं की, आज्ञेतल्या आकड्यांचं एक ठरावीक गणित करून त्यातून थेट खणाचा नंबर काढायचा आणि त्याच खणात बघायचं. खण दुसऱ्यानं भरलेला निघाला तर शेजारचा बघायचा. याला आज आपण डेटा स्ट्रक्चरच्या पेपरात हॅशिंग आणि लिनिअर प्रोबिंग म्हणतो. अमेरिकेत आयबीएमच्या लोकांना 1954 च्या सुमाराला हे सुचलं होतं, पण येर्शोव्ह यांना ते स्वतंत्रपणे सुचलं. सूत्रात (क + ख) चार ठिकाणी आलं तरी मशीननं ते एकदाच मोजायचं, हा त्यांचा उद्देश होता.

त्याच लेखात दुसरी गोष्ट होती, की एखादं सूत्र मोजायला कमीत कमी किती तात्पुरत्या जागा लागतील. तेच आपले येर्शोव्ह नंबर. मोजक्या पानांत एवढा ऐवज! आमच्या प्रोजेक्ट रिपोर्टची नुसती सर्टिफिकेटं आणि आभार धरले तरी त्याहून जास्त पानं होतात.

त्याच वर्षी अमेरिकेत जॉन मॅकार्थी लिस्प ही भाषा बनवत होते. लिस्पमध्ये दोन गोष्टी जोडून नवीन गाठ बांधण्याच्या क्रियेला कन्स म्हणतात. 1974 ला जपानच्या एइइची गोतो यांनी अशी लिस्प केली की गाठ बांधायच्या आधी तीच गाठ पूर्वी बांधलीय का हे हॅशनं बघायचं. दोन्ही शब्द मिळून हॅश-कन्सिंग. 2006 ला फिलियात्र आणि काँशाँ या फ्रेंच जोडीनं तेच ओकॅमलमध्ये नीट कसं बसवायचं ते दाखवलं. आम्ही त्यांचीच पद्धत घेतली.

सगळा प्रोग्राम उलटापालटा करावा लागला. आधी कोणीही कुठंही नवीन फांदी बनवायचं. आता फांदी फक्त एका फंक्शनमधूनच बनणार, म्हणजे दुकानदाराला विचारल्याशिवाय झेरॉक्स नाही. ओकॅमलमध्ये एक बरं आहे, टाईप बदलला की जिथं जिथं जुनी सवय उरली तिथं तिथं कंपायलर बोट दाखवतो. दोन दिवस लाल अक्षरं पुसण्यातच गेले. आणि एवढं करून प्रोग्राम आधीपेक्षाही हळू! कारण फार मजेशीर निघालं. हॅश काढायला आम्ही ओकॅमलचं तयार फंक्शन वापरलं होतं आणि ते मोठ्या झाडाचे सुरुवातीचे दहा-एक कामाचे तुकडेच बघतं. म्हणजे वरून सारखी दिसणारी सगळी झाडं एकाच खणात. दुकानदार फक्त पहिलं पान बघून फाईल लावतोय आणि सगळ्यांचं पहिलं पान युनिव्हर्सिटीचा सिलॅबस, तसं. उपाय असा, की मुलांना आधीच नंबर दिलेले असतात तर आईचा हॅश त्या नंबरांवरून काढायचा. खोल जायचंच नाही. येर्शोव्ह यांच्या आज्ञांतही सूत्रं नव्हती, आधीच्या उत्तरांच्या जागांचे आकडेच होते. म्हणजे हे त्यांनी केलेलंच होतं, आम्ही फक्त दोन दिवस वाया घालवून तिथं पोचलो.

आणखी एक अट असते. एकच प्रत सगळ्यांची, तर तिच्यावर कोणी पेननं खाडाखोड करायची नाही, नाहीतर साठ जणांचं वाटोळं. फंक्शनल भाषेत एकदा बनलेली गोष्ट सहसा बदलत नाही, म्हणून हे सगळं तिथं इतकं छान जमतं.

असो. येर्शोव्ह यांच्याकडे येतो. सोव्हिएत सरकार तेव्हा सायबेरियातल्या जंगलात, नोव्होसिबिर्स्कजवळ, फक्त शास्त्रज्ञांचं एक गाव वसवत होतं, अकादेमगोरोदोक. (त्याच सोव्हिएत देशाच्या आणि युनेस्कोच्या मदतीनं आपली आयआयटी मुंबई 1958 ला सुरू झाली.) मॉस्को सोडून तिकडे जायला सगळेच काही तयार नव्हते. येर्शोव्ह साठच्या दशकाच्या सुरुवातीला गेले आणि मग तिथलेच झाले. तिथं त्यांनी अल्फा नावाची भाषा आणि तिचा ट्रान्सलेटर केला, 1964 पर्यंत. ज्या एम-20 मशीनवर तो चालायचा, तिची मेमरी 4096 शब्द. पुढे एकाच मशीनवर अनेकांनी एकदम काम करायची व्यवस्था, मग अनेक भाषांसाठी एकच कंपायलर करायचा बीटा प्रकल्प. हा शेवटचा फार मोठा घास होता आणि मनासारखा उतरला नाही.

शीतयुद्धाच्या काळात त्यांची मैत्री मात्र अमेरिकनांशी. मॅकार्थी सायबेरियात येऊन गेले. 1979 ला येर्शोव्ह आणि डोनाल्ड नुथ यांनी मिळून उझबेकिस्तानात उर्गेंच इथं परिषद भरवली, कारण तो अल्-ख्वारिझ्मीचा मुलूख आणि अल्गोरिदम हा शब्द त्याच्याच नावावरून आलेला. 1972 ला अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीत त्यांनी भाषण केलं ते प्रोग्रामरच्या मनाबद्दल होतं. या कामात गणितज्ञाची बुद्धी लागते तशी कारकुनाची चिकाटीही लागते आणि त्यात आनंद नसेल तर माणूस मोडतो, असा त्याचा आशय. ते स्वतः कविता करायचे, गिटार वाजवायचे, किपलिंगचं रशियन भाषांतरही केलं होतं. आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये किपलिंग छडीच्या धाकानं पाठ करायला लावायचे, कोणी हौसेनं त्याचं भाषांतर करील असं वाटलं नव्हतं.

शेवटची दहा-बारा वर्षं त्यांनी शाळकरी मुलांना दिली. 1981 ला लोझानच्या परिषदेत त्यांनी प्रोग्रामिंगला दुसरी साक्षरता म्हटलं. 1 सप्टेंबर 1985 पासून सोव्हिएत शाळांत वरच्या दोन वर्गांना माहितीशास्त्र सक्तीचं झालं. पुस्तक येर्शोव्ह आणि त्यांच्या सोबत्यांनी लिहिलं, त्यातली भाषा रशियन शब्दांची, म्हणजे इफ-एल्स शिकायला आधी इंग्रजी शिकायची गरज नाही. फक्त बहुतेक शाळांमध्ये कॉम्प्युटरच नव्हते! मुलं वहीत प्रोग्राम लिहायची आणि डोक्यात चालवायची.

यावर तेव्हाही टीका झाली आणि मला ती अर्धी पटते. 1937 च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, त्यातून नई तालीम निघाली. तिचं म्हणणं उलट होतं, की आधी हात कामाला लागू द्या, तकली फिरू द्या, गणित त्यातून येईल. येर्शोव्ह यांच्या मुलांच्या हातात फिरवायला काहीच नव्हतं. भारतानंही 1984-85 च्या सुमाराला क्लास योजनेत शाळांना बीबीसी मायक्रो मशीन दिली, म्हणजे आपल्याकडे मशीन होती पण जेमतेम अडीचशे शाळांत. येर्शोव्ह थांबले असते, तर मशीन येईपर्यंत एक पिढी निघून गेली असती. त्यांनी सगळ्यांना निदान वही दिली. बरोबर केलं की चूक, यावर आमच्या रूममध्ये दोन तट आहेत.

1984 ला ते सोव्हिएत विज्ञान अकादमीचे पूर्ण सदस्य झाले. ज्याचा लहानपणीचा पत्ता भरवशाचा नव्हता तोच हा. चारच वर्षांनी, 8 डिसेंबर 1988 ला, कॅन्सरनं गेले. वय 57.

पत्रं, मसुदे, सभांची टिपणं, सगळं ते जपून ठेवायचे. शेकडो फायली भरतील एवढं. एकाच गोष्टीची दुसरी प्रत नको म्हणणारा माणूस घरी एक चिठ्ठी टाकत नव्हता! नोव्होसिबिर्स्कच्या लोकांनी ते सगळं स्कॅन करून इंटरनेटवर ठेवलंय. बहुतेक रशियनमध्ये आहे आणि मला रशियनचं एक अक्षर येत नाही, तरी प्रोजेक्टची व्हायवा झाल्यावर एका दुपारी मी त्यातले फोटो बघत बसलो होतो. एकात ते फळ्यासमोर उभे आहेत, आणि समोरच्या बाकांवर दहा-बारा वर्षांची पोरं.