हिमालयाच्या वळणाचा शोध : दाराशा वाडिया

काश्मीरच्या वायव्येस, नंगा पर्वताजवळ, हिमालय एक विलक्षण वळण घेतो. पूर्वेकडून दोन हजारांहून अधिक किलोमीटर अंतर कापून आलेल्या पर्वतरांगा तेथे एकाएकी दक्षिणेकडे वळतात. असे का व्हावे? या प्रश्नाचे समर्पक उत्तर १९३१ साली ज्यांनी मांडले, ते थोर भूवैज्ञानिक म्हणजे दाराशा नोशेरवान वाडिया.

वाडियांचा जन्म २३ ऑक्टोबर १८८३ रोजी सुरत येथे झाला. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात शिक्षण पूर्ण करून ते १९०७ मध्ये जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स महाविद्यालयात अध्यापक झाले. तेथे त्यांनी चौदा वर्षे काढली. महाविद्यालयाला सुटी लागली की ते हातोडी घेऊन शिवालिक टेकड्यांकडे निघत. या भटकंतीत त्यांना स्टेगोडॉन या हत्तीच्या नामशेष झालेल्या नातलगाचा सुळा सापडला. भारतातील खडकांची साद्यंत ओळख करून देणारे पाठ्यपुस्तक विद्यार्थ्यांना सहजी मिळत नसे; ती उणीव त्यांनी १९१९ साली ग्रंथ लिहून भरून काढली. पुढे कित्येक पिढ्या त्या ग्रंथावर शिकल्या.

१९२१ मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात रुजू झाले. वय अडतीस, आणि परदेशी पदवी नाही! त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. पूंछ, काश्मीर, हजारा हे दुर्गम प्रदेश त्यांनी पायी पालथे घातले आणि वळणाच्या दोन्ही बाजूंचे खडक एकाच क्रमाचे आहेत, हे दाखवून दिले. त्यांच्या मते पंजाबच्या मैदानाखाली द्वीपकल्पाच्या प्राचीन, कठीण खडकांचे एक टोक जिभेसारखे उत्तरेकडे पुढे आले आहे. समुद्रतळाचा गाळ दाबला जाऊन पर्वत उभे राहू लागले, तेव्हा त्यांच्या घड्या या टोकाभोवती वळल्या. जमिनीवरचा गालिचा पुढे रेटताना मध्ये पाट ठेवून पाहा. सुरकुत्या अशाच वळतील. खंडे सरकतात हे त्या वेळी बहुतेक विद्वानांना मान्य नव्हते. भूपट्टांचा सिद्धान्त १९६० च्या दशकात पुढे आला, तरी वाडियांनी केलेला उलगडा बाद ठरला नाही.

निवृत्तीनंतर काही वर्षे श्रीलंकेत काम करून ते दिल्लीस आले. प्रथम केंद्र सरकारचे भूवैज्ञानिक सल्लागार आणि १९४९ पासून अणुखनिजांच्या शोधकार्याचे प्रमुख म्हणून त्यांनी काम पाहिले. ज्या शहरात ते राहिले, तेथील रिज म्हणजे अरवलीचे उत्तरेकडील टोक. त्याचे खडक शंभर कोटी वर्षांहून जुने. त्यापुढे हिमालय अगदीच कोवळा! १९५७ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. डिसेंबर १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषद आशियात प्रथमच, नवी दिल्लीत भरली. तिचे अध्यक्षपद एक्याऐंशी वर्षांच्या वाडियांकडे होते.

हिमालयाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था असावी, हा त्यांचा ध्यास होता. १९६८ मध्ये ती सुरू झाली, तीही दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील दोन-चार खोल्यांत. पुढच्याच वर्षी, १५ जून १९६९ रोजी, वाडियांचे निधन झाले. १९७६ मध्ये संस्था डेहराडूनला गेली आणि तिला त्यांचे नाव देण्यात आले. हिमालयात होणाऱ्या भूकंपांच्या नोंदी आज तेथील यंत्रे घेत असतात.