जत्रेत गेलेली मुलगी आणि काविळीचा माग

डॉ. विल्यम पिकल्स (1885-1969) हे इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या एस्गार्थ गावचे फॅमिली डॉक्टर. 1929 मध्ये तिथल्या खोऱ्यात काविळीची साथ आली. 5,700 वस्तीत सुमारे 250 जण आजारी पडले. एका मुलीला त्यांनी सकाळी अंथरुणात तपासलं होतं. ती दिवसभर उठेल असं त्यांना वाटलंही नाही. पण त्याच दिवशी ती गावच्या जत्रेत गेली, वर चहाची भांडीही विसळली! नंतर तिथे आलेल्यांना कावीळ झाली. संपर्काचा नेमका दिवस हाती असल्याने त्यांना हिशेब मांडता आला: संसर्गानंतर आजार दिसायला साधारण महिना लागतो. शहरातल्या बड्या इस्पितळात हे जमलं नसतं. कोण कुणाला कधी भेटलं, हे तिथे कोणाला ठाऊक? खेड्यात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

रोजच्या रुग्णांची नोंद त्यांच्या पत्नी गर्ट्रूड तक्त्यांवर उतरवत. घरच्या घरी, वर्षानुवर्षं. त्यावरूनच 1939 मध्ये खेड्यातल्या साथींवरचं त्यांचं पुस्तक आलं. ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांची स्वतंत्र संस्था निघाली, तेव्हा 1953 मध्ये पहिलं अध्यक्षपद याच खेड्यातल्या डॉक्टरकडे गेलं.