गडावर मुक्काम, मग फोटो : गोनीदांच्या कॅमेऱ्याची गोष्ट

हिंडलगा : १ जून म्हटलं की सीमाभागातली मराठी माणसं हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाकडे वळतात. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गेलेल्यांना अभिवादन करतात. याच तारखेला, १९९८ साली, आणखी एक मराठी माणूस गेला. आपल्या लढ्याशी त्याचं नातं ओढून-ताणून जोडायचं कारण नाही. पण स्मारकापासून वेंगुर्ला रोडनं सुळगा, उचगाव फाटा, शिनोळी करत पुढं गेलं की महिपाळगडाचा डोंगर लागतो. सुट्टीच्या दिवशी आपली पोरं सॅक, तंबू आणि मोबाईल घेऊन याच रस्त्यानं जातात. गडावर जावं, रात्र काढावी, दिसलं ते टिपावं, ही आवड मराठी घराघरांत ज्यांनी रुजवली, त्यांत गोनीदांचं नाव वरचं आहे. म्हणजे गोपाळ नीलकंठ दांडेकर. घरचे त्यांना अप्पा म्हणायचे.

जन्म ८ जुलै १९१६, विदर्भातल्या परतवाड्याचा. शाळा सातवीपर्यंतच. तेराव्या वर्षी स्वातंत्र्याच्या चळवळीत पडायचं म्हणून घरातनं पळाले. पुढं गाडगेबाबांची गाठ पडली, त्यांच्याबरोबर गावोगाव फिरले. वेदान्ताचा अभ्यास केला. नर्मदेची परिक्रमा पायी केली. खिशात पैसा नसताना, कुणाच्या ओसरीवर, कुठल्या देवळात नाहीतर धर्मशाळेत पाठ टेकायची सवय त्यांना लागली ती अशी. पुढं गडांवरचे मुक्काम जमले त्याला हीच तालीम कामी आली. आजच्यासारखा तंबू आणि स्लीपिंग बॅग बाजारात मिळायच्या आधीचा हा काळ.

१९४७ साली त्यांनी लेखणीवरच पोट भरायचं ठरवलं आणि तळेगाव दाभाडे इथं संसार मांडला. धाडसच ते. मात्र जागा अशी मिळाली, की लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना आणि राजमाची हे सगळे गड मावळच्या त्याच मुलखातले. गोनीदा चालत राहिले. राजगड आणि रायगड तर त्यांच्या जिवाचे. एकदा पाहिला आणि यादीत खूण केली, असं त्यांचं नव्हतं. तोच गड पावसात, थंडीत, उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा. गडावर राहणाऱ्या माणसांची नावं माहीत, त्यांची सुखदुःखं माहीत.

या भटकंतीत त्यांच्याजवळ कॅमेरा असायचा. तेव्हाची छायाचित्रण म्हणजे काय चीज होती हे आज समजून घ्यायला पाहिजे. रोलमध्ये फोटो मोजके, बारा नाहीतर छत्तीस. रोल महाग, धुण्याचा खर्च वेगळा. काढलेला फोटो कसा आला हे जागेवर कळायची सोय नाही. घरी परतून रोल धुवून येईपर्यंत जीव टांगणीला. त्यामुळं बटण दाबायच्या आधी पाहणं आलं. बुरुजावर ऊन कुठल्या वेळी तिरपं पडतं, दरीतलं धुकं किती वाजता उठतं, तटाची सावली कुठवर येते, हे ज्याला माहीत त्यालाच फोटो मिळणार. आणि हे कळायचं तर गडावर मुक्काम पाहिजे. सकाळी दहाला चढून दुपारी उतरणाऱ्याला फक्त डोक्यावरचं सपाट ऊन मिळतं. डोंगराचा आकार खरा उठून दिसतो तो पहाटे आणि मावळतीला.

त्यांची लेखणीही याच मुक्कामांवर पोसली. 'पवनाकाठचा धोंडी' तुंगच्या परिसरातला. 'माचीवरला बुधा'मधला म्हातारा मुंबई सोडून राजमाचीवर एकटा राहायला येतो. 'जैत रे जैत' कर्नाळ्याच्या सुळक्याखालच्या ठाकरांची गोष्ट, तिच्यावर जब्बार पटेलांनी १९७७ मध्ये सिनेमा काढला. डोंगरातलं झाड, पाखरू, वारा या पुस्तकांत इतका नेमका येतो, कारण लिहिणारा तिथं राहिलेला. पवनेच्या खोऱ्यात पुढं धरणाचं पाणी आलं, कितीतरी गावशिवार त्याखाली गेलं. पाण्याआधीचं ते खोरं आज पाहायचं तर पुस्तकातच.

'स्मरणगाथा' या आत्मकथनपर पुस्तकाला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८१ साली अकोल्याच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाचा हा प्रवास. 'दुर्गदर्शन', 'दुर्गभ्रमणगाथा' ही पुस्तकं वाचून किती पोरांनी पहिल्यांदा पाठीवर सॅक टाकली असेल, त्याचा हिशेब नाही.

त्यांनी काढलेले फोटो घरच्यांनी जपले. पुढं 'गोनीदांची दुर्गचित्रे' म्हणून ते पुस्तकरूपात आले. खरं मोल आता कळतंय. गड जागेवर असतो, पण तसाच राहत नाही. बुरूज ढासळतो, वाट मोडते, कुठं डागडुजी होते, कुठं नवं बांधकाम येतं. २०२५ मध्ये राजगड, रायगड, लोहगडासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अशा वेळी पूर्वी इथं काय होतं हे सांगायला जुना फोटो लागतो.

आपल्या भागाचंच बघा. येळ्ळूरच्या राजहंसगडावर २०२३ मध्ये शिवरायांचा पुतळा उभा राहिला, गडाचं रूप पालटलं. त्याआधीचा गड आजच्या पोराला दाखवायचा तर कुठनं दाखवणार? महिपाळगड, पारगड महाराष्ट्रात, राजहंसगड, भीमगड कर्नाटकात. दोन्हीकडच्या गडांवर आपल्याच आज्या-आजोबांनी दसऱ्याला, शिवजयंतीला, शाळेच्या सहलीला पाय ठेवलेत. तेव्हा काढलेला एखादा फोटो कुणाच्या तरी ट्रंकेत पडून असणार. मागं बुरूज, पुढं टोपी घातलेली चार पोरं. तो फोटो काढा, मागं साल आणि गडाचं नाव लिहा, मोबाईलवर उतरवून घ्या. फोटोतली माणसं ओळखणारं कुणी घरात आहे तोवरच हे काम होईल.

आणि पुढच्या वेळी गडावर जाल तेव्हा मुक्कामाला परवानगी आहे का हे आधी विचारा. भीमगडाभोवती अभयारण्य आहे, तिथं वन खात्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. परवानगी मिळाली, तर रात्र काढा. पहाटे उठा आणि मोबाईल खिशात ठेवून अर्धा तास नुसतं बसा. ऊन तटावर येऊ दे. मग एकच फोटो काढा.