विश्लेषण : स्पोर्ट्स कारचा ‘समर टायर’ उन्हात वितळत का नाही? त्यासाठी चार्ल्स गुडइयर यांनी काय किंमत मोजली?

स्पोर्ट्स कारच्या मालकाला इंजिनाची अश्वशक्ती तोंडपाठ असते. पण ती सगळी ताकद रस्त्यावर उतरते ती चार टायरांच्या जेमतेम तळहाताएवढ्या भागातून. त्यामुळे टायर बदलायची वेळ आली की ‘हाय परफॉर्मन्स समर टायर’ घ्यायचा का आणि कोणता, हा प्रश्न येतोच. रबर कोणत्या तापमानात रबरासारखे वागेल, हा त्यातला खरा मुद्दा आहे. याच एका प्रश्नापायी अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर यांनी आपले आणि आपल्या कुटुंबाचे आयुष्य पणाला लावले होते.

समर टायर म्हणजे काय?

थंड हवेच्या देशांत उन्हाळी, हिवाळी आणि बारमाही असे टायर मिळतात. समर टायरमधले रबराचे मिश्रण तापलेल्या रस्त्यावर घट्ट पकड देईल असे बनवलेले असते. त्याच्या नक्षीचे ठोकळे मोठे आणि काप कमी असतात, त्यामुळे वेगात वळताना ते लवत नाहीत. मात्र तापमान साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली गेले की हे रबर कडक होऊ लागते आणि पकड सुटते. शून्याखालच्या थंडीत त्याला तडे जाण्याचा धोका असल्याने काही कंपन्या अशा हवामानात गाडी जागची हलवू नका, असेच बजावतात. महाराष्ट्रात ही चिंता सहसा नाही. निफाडची एखादी जानेवारीतली पहाट सोडा, पण तिथे तरी स्पोर्ट्स कार किती!

उन्हाळ्याने धंदा कसा बुडवला?

गुडइयर यांचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी कनेटिकटमधल्या न्यू हेवन येथे झाला. वडिलांचा बटणे आणि शेतीची अवजारे बनवण्याचा व्यवसाय होता. चार्ल्स यांनी फिलाडेल्फियात हार्डवेअरचे दुकान काढले, पण १८३०च्या सुमारास ते कर्जात बुडाले.

त्या काळात अमेरिकेत रबराची लाट आली होती. ब्राझीलहून येणाऱ्या झाडाच्या चिकापासून बूट, कोट, टोप्या बनत आणि हातोहात खपत. उन्हाळा आला की त्याच वस्तूंचा दुर्गंधीयुक्त लगदा होई आणि हिवाळ्यात त्या लाकडासारख्या कडक पडत. गिऱ्हाइके माल परत आणून टाकू लागली. १८३४ मध्ये गुडइयर न्यूयॉर्कमधल्या रॉक्सबरी इंडिया रबर कंपनीच्या दुकानात, हवा भरून तरंगण्याच्या साधनाची आपण सुधारलेली झडप दाखवायला गेले. झडप चांगली आहे, पण रबरच टिकत नाही, असे त्यांना तिथे कळले. रसायनशास्त्राचे शिक्षण नाही, खिशात पैसा नाही, तरी ही अडचण आपणच सोडवायची असे त्यांनी ठरवले.

पाच वर्षे काय चालले होते?

पहिले प्रयोग त्यांनी कर्ज थकल्यामुळे घडलेल्या तुरुंगवासात केले, पत्नी क्लॅरिसा यांच्याकडून कच्चे रबर आणि घरातले लाटणे मागवून! पुढे रबरात मॅग्नेशिया मिसळून झाले, कळीचा चुना वापरून झाला. नायट्रिक अॅसिडने वरचा चिकटपणा गेला आणि यश आल्यासारखे वाटले. तेवढ्यात १८३७च्या आर्थिक मंदीत त्यांचा भांडवलदार बुडाला. घरातल्या वस्तू गहाण पडत गेल्या. मुलांची शाळेची पुस्तकेही विकावी लागली. त्यांची अनेक मुले बालपणीच दगावली. गुडइयर यांच्या चिकाटीचे गोडवे गाताना या घराची झालेली परवड बहुतेक चरित्रे दोन ओळींत उरकतात, हे खटकते.

मॅसॅच्युसेट्समधल्या वूबर्न येथे नॅथॅनिएल हेवर्ड हे रबरावर गंधक टाकून ते उन्हात वाळवत होते. गुडइयर यांनी त्यांच्याकडून ती कल्पना आणि हक्क विकत घेतले. हे नाव सहसा विसरले जाते, पण गंधकाचे श्रेय हेवर्ड यांचेच. त्यानंतर सरकारकडून १५० टपालपिशव्यांचे काम मिळाले. पिशव्या झाल्या, सुंदर दिसू लागल्या आणि गरम खोलीत टांगलेल्या असताना त्यांचे बंद वितळून त्या खाली पडल्या. वरचा थर सुधारला होता, पण आतले रबर जसेच्या तसे होते.

१८३९ मध्ये गंधक मिसळलेल्या रबराचा तुकडा त्यांच्या हातून तापलेल्या शेगडीवर पडला. तो वितळायला हवा होता, पण चामड्यासारखा करपला आणि करपलेल्या भागाच्या कडेला लवचीक, न चिकटणारे रबर तयार झाले. जे रबर उष्णतेने बिघडते, त्याला आणखी उष्णता देणे हाच उपाय निघाला. याला निव्वळ अपघात म्हणणे योग्य नाही. पाच वर्षे हेच शोधणाऱ्यालाच त्या करपलेल्या कडेचा अर्थ कळला. मग किती गंधक, किती आच, किती वेळ, हे ठरवण्यात आणखी काही वर्षे गेली. दाबाखालच्या वाफेत साधारण १३० अंश सेल्सियसला चार ते सहा तास, असे गणित जमले.

गंधकाने नेमके काय होते?

कच्च्या रबरातल्या लांब साखळ्या एकमेकींवरून घसरतात, म्हणून ते उन्हात वाहते. गंधकाचे अणू या साखळ्यांमध्ये पूल बांधतात. रबर ताणले तरी मूळ आकारात परतते आणि तापले तरी वितळत नाही. पण थंडीत कडक होण्याचा गुण पुरता जात नाही, तो फक्त मिश्रणाप्रमाणे पुढे-मागे सरकतो. समर टायर आणि हिवाळी टायर वेगळे ठेवावे लागतात ते यामुळेच. मऊ मिश्रणाला पकड जास्त, पण झीजही जास्त. तेव्हा निवडताना आधी आपण गाडी कुठे आणि किती चालवणार, ते पाहावे. मग वेगाची खूण पाहावी : व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंत, डब्ल्यू म्हणजे २७०, तर वाय म्हणजे ३००. आपल्याकडे पावसाळ्यात पाणी बाहेर टाकणाऱ्या रुंद खाचा सर्वांत महत्त्वाच्या. उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडेही वाचावेत, कारण पडून राहिलेले रबरही वयाने कडक होते.

पेटंटचा फायदा किती झाला?

अमेरिकी पेटंट १५ जून १८४४ रोजी मिळाले, पण तोवर उशीर झाला होता. नमुने इंग्लंडला पोहोचले होते. थॉमस हॅनकॉक यांनी ते पाहून गंधकाचा अंदाज बांधला आणि गुडइयर यांच्या आधी तिथे अर्ज केला. ‘व्हल्कनायझेशन’ हे नावही रोमन अग्निदेव व्हल्कनवरून तिथेच पडले. मायदेशात १८५२ मध्ये होरेस डे यांच्याविरुद्धचा खटला गुडइयर यांनी जिंकला. त्यांची बाजू तेव्हाचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेब्स्टर यांनी मांडली आणि १५ हजार डॉलर शुल्क घेतले. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती.

हाती आलेला पैसाही टिकला नाही. १८५१च्या लंडन प्रदर्शनातल्या रबरी दालनावर ३० हजार डॉलर गेले, पॅरिसच्या १८५५च्या प्रदर्शनावर त्याहून जास्त. फ्रान्समधले पेटंट तांत्रिक कारणाने रद्द झाले आणि थकलेल्या देण्यांपायी त्यांना पॅरिसमध्ये अटक झाली. सम्राट तिसऱ्या नेपोलियनने दिलेला ‘लिजन ऑफ ऑनर’ हा सन्मान त्यांना तुरुंगात असतानाच मिळाला. मरणासन्न मुलीला भेटायला निघालेल्या गुडइयर यांचे १ जुलै १८६० रोजी न्यूयॉर्कमध्ये निधन झाले. तेव्हा त्यांच्यावर सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज होते.

मग गुडइयर कंपनी कोणाची?

हवा भरलेला टायर रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्येच पेटंट केला होता, पण तो रुजला १८८८ नंतर, जॉन बॉइड डनलप यांच्यामुळे. गुडइयर यांनी स्वतः मोटार पाहिलीच नाही. त्यांच्या नावाची टायर कंपनी फ्रँक सायबरलिंग यांनी १८९८ मध्ये ओहायोतल्या अॅक्रन येथे सुरू केली. नाव त्यांच्या स्मरणार्थ दिले, पण गुडइयर घराण्याचा त्या कंपनीशी काहीही संबंध नव्हता.