सिनेमाच्या आधी दादासाहेब फाळके छापखाना चालवत होते, आणि तो त्यांनी रिकाम्या हाताने सोडला

आज नाशिकच्या गंगापूर रोडवर कुणी घरगुती मसाल्याचा धंदा सुरू केला, तर पाकिटाचं लेबल कॉम्प्युटरवर बनवून घरच्याच प्रिंटरवर स्टिकर पेपरवर छापता येतं. प्रिंटरमध्ये पिवळी, किरमिजी, निळी आणि काळी अशा चार शाई असतात. यातल्या पहिल्या तीन रंगांतून चित्र उभं करायचं तंत्र शिकण्यासाठी एक माणूस थेट जर्मनीला गेला होता. तो माणूस शेजारच्या त्र्यंबकेश्वरचाच, धुंडिराज गोविंद फाळके.

जन्म ३० एप्रिल १८७० चा. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि मग बडोद्याचं कलाभवन. पुढे गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला, पण प्लेगनं पहिली बायको आणि मूल दोन्ही नेली. पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली, तीही सोडली. आणि लोणावळ्यात छापखाना काढला.

जवळच मळवलीला राजा रविवर्मांनी उभारलेला छापखाना होता. तिथून देवादिकांची चित्रं घरोघर गेली, पुढे मालाची लेबलंही छापली गेली. फाळके त्यांच्यासाठी फोटो-लिथो ट्रान्सफर करायचे. म्हणजे फोटोवरून मूळ चित्र खास कागदावर उतरवायचं आणि तिथून दगडावर घ्यायचं. मग हाफटोन ब्लॉक आणि तिरंगी छपाई आली. यात एकाच चित्राचे रंगवार तीन ठसे करतात आणि ते एकावर एक छापतात. ठसा केसभर सरकला की चित्राला दुहेरी कड येते.

काम वाढलं, छापखाना दादरला आला. भागीदार बदलले, नाव लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झालं. १९०९ मध्ये यंत्रं आणायला फाळके जर्मनीला गेले. नाव झालं, पण भांडवल पुरुषोत्तम मावजींचं होतं. मतभेद झाले तेव्हा फाळके एक पैसाही न घेता बाहेर पडले. नवा छापखाना काढून देणारे पुढे आले, त्यांनाही नाही म्हणाले. घरात मुलंबाळं होती, वय चाळिशीचं. व्यवहारात हा शहाणपणा नव्हताच म्हणा.

१९११ मध्ये त्यांनी पडद्यावर ख्रिस्ताचं चरित्र पाहिलं. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडन गाठलं. तिथून कॅमेरा आणला, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि प्रती छापायचं यंत्रही आणलं. पुन्हा छपाईच, फक्त कागदाऐवजी फिल्मवर. कोऱ्या फिल्मला तेव्हा भोकं नसत. ती अंधारात पाडायचं काम सरस्वतीबाई घरी करायच्या, शिवाय सगळ्या कंपनीचा स्वयंपाक. दागिनेही त्यांचेच विकले गेले.

३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' गिरगावात लागला. त्याच वर्षी बिऱ्हाड आणि कंपनी नाशिकला आली. १९१८ मध्ये भांडवलदारांसोबत हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. तिथेही भागीदारांशी बिनसलं आणि फाळके चिडून काशीला निघून गेले. नंतर परतले, पण मालकी कधी हाती राहिली नाही. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्येच ते वारले.